सुपरहिरोच्या लढाईचा पंचनामा

देवळीच्या शिवारात गारपीट झाली की दोन-चार दिवसांत तलाठी बांधावर येतो. सोबत कृषी सहायक, ग्रामसेवक. किती हेक्टर, कोणतं पीक, कपाशीची किती बोंडं गळाली, तुरीचा फुलोरा किती झडला, सगळं लिहून घेतलं जातं. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच मदत मिळते, म्हणून त्या आकड्यावरून बांधावरच हुज्जत होते. पंचांच्या सह्या होतात. मदत कधी येते, कधी लांबते, आली तरी पुरत नाही. पण गार पडली आणि गोष्ट संपली, असं होत नाही. कोणाचं किती गेलं ते कागदावर येतं.

सुपरहिरोच्या चित्रपटात पंचनामा होत नाही. भर शहरात अचाट ताकदीचे दोघे एकमेकांना भिडतात, उंच इमारती कोसळतात, पुलांचे तुकडे होतात, मोटारी खेळण्यांसारख्या उडतात. पुढच्या दृश्यात नायक गच्चीवर उभा राहून मावळता सूर्य बघत असतो. त्या इमारतीत कोण राहत होतं, कोणाचं दुकान होतं, कोणाची आई दवाखान्यात होती, हे विचारायला कोणी येत नाही.

हा प्रश्न मला माझ्या वर्गाने दिला. मराठीच्या तासाला मुलांना आवडत्या पात्राबद्दल दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. निम्म्या वह्यांत आयर्न मॅन, थॉर आणि स्पायडरमॅन निघाले. हे चित्रपट बघायला देवळीतल्या मुलांना आता थिएटर लागत नाही. हिंदीत डब झालेले चित्रपट बापाच्या मोबाइलवर बघता येतात. एक मुलगा वाचून दाखवत होता, सुपरमॅनने शत्रूला इमारतीवर कसं फेकलं ते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या बिल्डिंगीत कोनी राहत नसन का?"

"अवं, पिच्चर आहे तो!" तो मुलगा चिडून म्हणाला. वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिच्या प्रश्नाला "पिच्चर आहे" हे उत्तर पुरेसं नाही, असं मलाही वाटलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. कोणतीही कथा शिकवताना फळ्यावर दोन शब्द लिहिते : नियत आणि अंजाम. पात्राच्या मनात काय होतं आणि त्याच्या करणीचं फळ काय निघालं. मराठीच्या तासाला मुलं नियत आणि नियती यांत गोंधळतात, तेव्हा सांगते की नियती माणसाच्या हातात नसते, नियत असते. अमल नियत बघून तोलला जातो ही हदीस मकतबात जाणाऱ्या लहान मुलालाही पाठ असते. आणि केलेल्याचा हिशेब द्यावा लागतो, हे तर आपल्या ईमानाचाच भाग आहे. तेव्हा सुपरहिरोंनाही हेच दोन प्रश्न विचारून बघू. उडणारा माणूस खरा वाटतो का, हे मी विचारत नाही. तो उडतो हे मी तिकिटाबरोबरच मान्य केलेलं असतं. तो का उडतो आणि तो जिथे आदळतो तिथे काय होतं, एवढंच मला कळायला हवं.

आधी अंजाम. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन आणि जनरल झॉड यांच्या लढाईत मेट्रोपोलिस शहराचा मोठा भाग जमीनदोस्त होतो. शेवटी सुपरमॅन झॉडची मान मोडतो आणि एका माणसाला मारावं लागलं म्हणून आक्रोश करतो. तो आक्रोश खरा वाटतो. पण ढिगाऱ्याखालच्या हजारो माणसांसाठी त्याच्या तोंडून हुंदका निघत नाही. त्या काळी बऱ्याच प्रेक्षकांना हे खटकलं. पुढचा चित्रपट, २०१६ चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन', त्याच लढाईकडे जमिनीवरून बघत सुरू होतो. ब्रूस वेन धुळीच्या लोटात धावत शिरतो. त्याच्या एका कर्मचाऱ्याचे पाय जातात. एक लहान मुलगी त्याला भेटते. आई कुठे आहे विचारल्यावर ती कोसळलेल्या इमारतीकडे बोट दाखवते. त्या चित्रपटात पुढे बराच गोंधळ आहे, पण ते बोट मी विसरलेले नाही. माझ्या वर्गातली मुलगी जे विचारत होती त्याचं उत्तर त्या बोटात आहे. राहत होते. माणसंच राहत होती.

मार्व्हलच्या चित्रपटांत हिशेब वेगळ्या पद्धतीने मिटवला जातो. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थॅनोस चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव राख होऊन उडून जातात. २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये पाच वर्षांनी सगळे परत येतात. टोनी स्टार्क मरतो, नताशा मरते, आणि या दोन मृत्यूंची किंमत चित्रपट प्रामाणिकपणे मोजतो. पण परत आलेल्या कोट्यवधींचं काय? पाच वर्षांत कोणी दुसरं लग्न केलं असेल, कोणी घर विकलं असेल, कोणाचे आईबाप वाट बघत गेले असतील. लगेच नंतरच्या 'फार फ्रॉम होम'मध्ये शाळेतल्या मुलांच्या तोंडी या पाच वर्षांचा विनोद होतो. धाकटा भाऊ आता थोरला झाला, वगैरे. आपण हसतो. पुढे 'वांडाव्हिजन' मालिकेत एक बाई दवाखान्यात शुद्धीवर येते, आईला शोधते, आणि आई मधल्या काळात वारल्याचं तिला कळतं. दोन-तीन मिनिटांचं दृश्य असेल. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात त्या पाच वर्षांचा खराखुरा पंचनामा मला एवढाच सापडला.

आता नियत. इथे एक गंमत आहे. या चित्रपटांत पटणारी नियत बहुतेक वेळा खलनायकाला मिळते. २०१७ च्या 'स्पायडरमॅन : होमकमिंग'मधला एड्रियन टूम्स घ्या. न्यूयॉर्कमधल्या लढाईनंतर मलबा उचलायचं कंत्राट त्याला मिळालेलं असतं. त्याने नवे ट्रक घेतलेले असतात, माणसं कामाला लावलेली असतात. अचानक एक सरकारी खातं येतं आणि सांगतं, काम बंद, आता हे आम्ही बघू. त्या खात्यामागे टोनी स्टार्कचाच हात असतो. म्हणजे ज्यांनी मोडतोड केली, तेच मलब्याचेही मालक. टूम्स चोरून ठेवलेल्या अवशेषांतून शस्त्रं बनवून विकू लागतो. तो चुकतो, हे चित्रपट सांगतो आणि ते मला मान्य आहे. पण तो का चुकला हे देवळीतला कोणताही लहान ठेकेदार एका वाक्यात समजेल. ट्रॅक्टरचे हप्ते चालू असताना काम हातचं गेलं की काय होतं, ते त्याला अमेरिकेहून शिकायची गरज नाही.

२०२१ चा मल्याळी 'मिन्नल मुरली' याहून पुढे जातो. एकाच रात्री दोन माणसांवर वीज पडते, जैसन नावाच्या शिंप्यावर आणि चहाच्या टपरीवर राबणाऱ्या शिबूवर. दोघांना सारखीच ताकद मिळते. शिबूला गावाने आयुष्यभर वेडा म्हणून हिणवलेलं. शाळेपासून त्याचा जीव उषावर आहे. तिच्या मुलीच्या ऑपरेशनला पैसे हवेत म्हणून तो बँक लुटतो. पुढे गावकरी त्याचं घर पेटवतात आणि त्या आगीत उषाच जळून मरते. त्यानंतर तो जे करतो ते भयंकर आहे. पण शेवटी मनात प्रश्न उरतो की हा खलनायक विजेने घडवला की गावाने? दोघांची ताकद एकच, नियतही सुरुवातीला वाईट नव्हती. एकाला गावाने जवळ केलं, एकाला नाही. सुपरहिरोच्या चित्रपटात खरी माणसं असू शकतात, याला माझ्यासाठी एवढा पुरावा पुरे.

मग नियत नसलेला खलनायक कसा असतो? त्याचं उत्तर २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये आहे, ज्या चित्रपटापासून मार्व्हलची ही सगळी मालिका सुरू झाली. टोनी स्टार्कला अफगाणिस्तानात पळवून नेलं जातं. गुहेत त्याच्यासोबत यिन्सन नावाचा कैदी असतो. पळवणारे कोणकोणत्या भाषा बोलतात, हे तो सांगतो आणि त्या यादीत उर्दूचं नाव येतं. मी उर्दूची शिक्षिका. जगभर गाजलेल्या एका सुपरहिरोच्या गोष्टीत माझ्या विषयाचं नाव कुठे निघालं, तर अपहरण करणाऱ्यांच्या ओळखपत्रात. राग येण्याआधी मला उत्सुकता वाटली की या लोकांना हवंय तरी काय. चित्रपटभर शोधलं. शस्त्रं हवीत, सत्ता हवी. कशासाठी, कोणावर, कोणत्या जखमेपोटी, काही कळत नाही. यिन्सनला मात्र सगळं दिलं आहे. गाव, मेलेलं कुटुंब, टोनीसाठी जीव देण्याचं कारण. त्याच्यामुळेच टोनी बदलतो. बाकीच्यांना दाढी, बंदूक आणि भाषा.

माझं या विषयावरचं मुख्य म्हणणं हेच आहे. पात्राला नियत दिली नाही की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे वेश येतो, दाढी येते, बोली येते. टूम्सला कारण आहे, म्हणून तो टूम्स आहे. तो सगळ्या ठेकेदारांचा प्रतिनिधी ठरत नाही. ज्याला कारण नाही तो मात्र एकटा उरत नाही. त्याच्यामागे एक अख्खी कौम उभी केली जाते. अंजामाचंही तसंच. ज्या इमारतीतली माणसं दाखवली नाहीत ती इमारत रिकामी ठरते, आणि रिकामी इमारत पाडायला कोणाला वाईट वाटत नाही.

उर्दूला सुपरहिरो नवे नाहीत. दास्तान-ए-अमीर हमजा ऐकत पिढ्या वाढल्या. लखनौच्या नवल किशोर प्रेसने ती ४६ खंडांत छापली. तिलिस्म, जादूगार, आणि अख्खं जग पोटात मावेल अशी उमरो अय्यारची जंबील. त्यापुढे डॉक्टर स्ट्रेंजची जादू फार नवलाची वाटत नाही. दास्तान कल्पनेची आहे, तिला इतिहास समजू नये. पण ज्यांच्या नावाभोवती ती गुंफली गेली ते हजरत हमजा (रजि.) इतिहासातले आहेत आणि त्यांच्या शहादतीचा प्रसंग मला नियत-अंजाम शिकवताना नेहमी आठवतो.

इ.स. ६२५, उहुदची लढाई. हजरत हमजांना भाला फेकून मारणारा वहशी हा हबशी गुलाम होता. त्याचं त्यांच्याशी कसलंही वैर नव्हतं. त्याचा मालक जुबैर बिन मुतइम याचा चुलता बद्रच्या लढाईत हजरत हमजांच्या हातून मारला गेला होता. मालकाने शब्द दिला की हमजाला मार, तू आझाद. गुलामाला स्वातंत्र्य हवं होतं. याहून समजण्यासारखी इच्छा कोणती? आणि तिच्यापोटी त्याने जे केलं त्याहून दुःखद काय? पुढे मक्का फतह झाल्यावर वहशी ईमान घेऊन आला आणि त्याला स्वीकारण्यात आलं. त्याला मारून सूड घेतला गेला नाही. पण अल्लाहच्या रसूलांनी (स.) त्याला एवढंच सांगितलं की शक्य असेल तर माझ्या नजरेसमोर येऊ नकोस. माफी मिळाली आणि दुःखही राहिलं. माफीने चुलते परत आले नाहीत. मारणाऱ्याची नियत आपल्याला पूर्ण समजते आणि तरीही केलेल्याचं ओझं तसूभर कमी होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी सांगता येतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता आपल्याच महाराष्ट्रातल्या एका सुपरहिरोकडे वळते. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव यंत्रमागांचं गाव. जुम्म्याला माग बंद असतात, आणि त्या सुट्टीच्या दिवशी लोकांना चित्रपट हवा असतो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला आणि नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. तो बनताना फैजा अहमद खान यांनी जो माहितीपट केला, तो 'सुपरमेन ऑफ मालेगाव', २००८ चा. सुपरमॅन झाला होता शफीक, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. निळ्या कपड्यांवर लाल चड्डी आणि चड्डीची नाडी पुढे लोंबणारी. खलनायकाला सगळीकडे घाण हवी असते. ज्या गावाने तुंबलेली गटारं पाहिली आहेत, त्याला अशा खलनायकाची ओळख करून द्यावी लागत नाही. उडण्यासाठी हिरवं कापड लावलं होतं. शूटिंगच्या मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच शफीकचं लग्न निघतं आणि सुपरमॅन नवरदेव होऊन जातो.

हॉलिवूडच्या सुपरमॅनचा खर्च कोट्यवधी डॉलरचा. त्याच्या पडण्याने रस्ता फाटतो आणि आपल्याला काही होत नाही. शफीकला उचलून धरतात तेव्हा हा खाली पडला तर उद्या मागावर कसा जाईल, ही धास्ती वाटते. इथे पडण्याला किंमत आहे. आणि नियत? यातल्या कोणालाही जग वाचवायचं नाही. नासिर यांना हिरव्या कापडाच्या करामतीने माणूस उडवून दाखवायचा आहे. लेखक फरोग जाफरी यांच्या मनात मुंबई आहे, जवळ असून दूर राहिलेली. शफीकला एकदा पडद्यावर नायक व्हायचंय. एवढ्या इच्छा एखाद्या गावाला हलवायला पुरतात.

२०११ साली शफीक कॅन्सरने गेला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यात मित्राचा आजार कळल्यावर सगळे त्याच्यासाठी सुपरमॅनचा चित्रपट करायला घेतात. प्रत्यक्षातला क्रम उलटा होता. चित्रपट आधी, आजार नंतर. कथेला ठसठशीत कारण हवं असतं, म्हणून तो बदल केला असावा, आणि चित्रपट पाहताना माझे डोळे भरून आले हेही खरं. तरी मला माहितीपटातला शफीक जास्त पटतो. त्याला उडायला मृत्यूचं कारण लागलं नाही. जुम्म्याची सुट्टी पुरली.

याच मालेगावचं नाव बाकीच्या देशाने कशासाठी ऐकलं? ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा दिवस, जुम्मा, हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानाजवळचे स्फोट. तीसहून अधिक माणसं गेली. तपासात नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. त्यांतले सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना आरोपमुक्त केलं. नववा तोवर हयात नव्हता.

२००६ ते २०११. पाच वर्षं. 'एंडगेम'मधल्या माणसांचीही तेवढीच जातात. त्यांची चुटकीसरशी परत येतात आणि विमानात बसून मुलं त्यावर विनोद करतात. मालेगावच्या तरुणांसाठी चुटकी वाजवणारा कोणी नव्हता. तेव्हा टीव्हीवर त्यांचे चेहरे दाखवणाऱ्यांनी नियत विचारली नव्हती. नाव आणि दाढी पुरली होती. पडद्यावरच्या सवयी पडद्यावरच राहतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

कोणी म्हणेल, मॅडम, एवढं मनावर घेऊ नका, मुलांची करमणूक आहे. करमणूक असावीच. माझ्या पिढीने दूरदर्शनवर 'शक्तिमान' पाहिला. त्याची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा मुकेश खन्नांनी पडद्यावरून मुलांना सांगितलं होतं की असं करू नका. गिरकी घेऊन कोणी उडत नाही, हे मुलं लवकर शिकतात. गच्चीवरून उडी मारायची नाही, एवढं त्यांना समजावता येतं. पडलेल्या इमारतीत माणसं होती, हे समजावणं जास्त कठीण आहे, कारण ते सांगायला कोणताही नायक पडद्यावर येत नाही. म्हणून ते शिकवणं आपल्याकडे येतं.

मी मुलांना हे चित्रपट बघू नका असं सांगत नाही. सांगितलं तरी कोण ऐकणार? चित्रपट बघून झाला की वहीच्या एका पानावर उभी रेघ मारायला सांगते. डावीकडे प्रत्येक पात्राची नियत, उजवीकडे लढाईचा अंजाम कोणी भोगला ते. 'आयर्न मॅन'मधल्या टोळीपुढे एका मुलाने फक्त आडवी रेघ मारली होती. वहीत ती रेघ खोडू नकोस, असं मी त्याला सांगितलं. आणि त्या मुलीच्या वहीत उजवी बाजू डावीपेक्षा लांब होती. तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : बिल्डिंगीतले लोक, नाव माहीत नाही.